नानांनी ठकूचा नंबर काढला

चष्म्याच्या दुकानातून नाना निवृत्त झाले ते नावापुरते. रोज सकाळी वरच्या घरातून जिना उतरून ते खाली दुकानात यायचे, आपल्या जुन्या स्टुलावर बसायचे आणि काम सोडून बाकी सगळं करायचे. गिऱ्हाइकाला एखादी फ्रेम आवडली की ती त्याला कशी शोभत नाही हे सांगण्याची जबाबदारी त्यांनी आपणहून अंगावर घेतली होती. दुकान आता पुतण्या बघायचा. पुतण्या गुणी होता, त्यामुळे त्याच्याशी भांडायला कारण सापडणं अवघड जायचं. पण नाना चिकाटीचे.

पुतण्याने दुकानाचं रूप पालटलं. लाकडी कपाटं गेली, काचेची आली. भिंगं घासायचं चाक गेलं आणि त्याच्याबरोबर दुकानात चाळीस वर्षं भरून राहिलेला तो ओल्या पाटीसारखा वासही गेला. आतल्या अंधाऱ्या खोलीत, जिथे गिऱ्हाइकाला उंच खुर्चीत बसवून नंबर काढायचे, तिथली पिवळी पडलेली अक्षरांची पाटी उतरली आणि तिच्या जागी दिव्याची एक चपटी पेटी लागली. त्या दिवसापासून नानांनी त्या भिंतीकडे बघणं सोडलं. माणूस भिंतीशीही अबोला धरू शकतो हे घरच्यांना तेव्हा कळलं.

याच सुमारास ठकूला मुलगी झाली.

ठकू ही नानांची एकुलती एक लेक. तिचा नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा आणि फारसं बोलायचा नाही. गावभरच्या लिफ्टा चालत्या करणारा हा माणूस स्वतःच्या इमारतीत मात्र पाचव्या मजल्यापर्यंत जिने चढायचा. तिथल्या बंद लिफ्टचं कंत्राट दुसऱ्या कंपनीकडे होतं, आणि दुसऱ्याच्या बिघाडात आपण हात घालायचा नाही असं त्याचं तत्त्व होतं. ओली बाळंतीण पाच मजले चढणार कशी? तेव्हा काही आठवडे तिने आईवडिलांकडेच राहायचं ठरलं. नानांनी त्या दुसऱ्या कंपनीचे मनोमन आभार मानले आणि लिफ्ट लवकर दुरुस्त होऊ नये अशी इच्छाही, कुणाला ऐकू जाणार नाही अशा बेताने, व्यक्त केली.

हॉस्पिटलमधून निघताना तिथल्या सिस्टरने सगळ्यांना समोर उभं करून बजावलं होतं. "बाळंतपण झालं म्हणजे संपलं असं समजू नका. डोकं दुखायला लागलं, डोळ्यांपुढे काजवे चमकले, धूसर दिसलं, तोंडावर-हातांवर सूज आली, दम लागला, तर सरळ इकडे यायचं. वाट बघायची नाही. अजून सहा आठवडे लक्ष ठेवायचं."

जावई मान हलवून ऐकत होता. नानाही ऐकत होते, पण सिस्टरच्या चष्म्याची डावी काडी वाकडी होती, आणि वाकड्या काडीसमोर नानांचं चित्त थाऱ्यावर राहत नसे. त्यांनी तो चष्मा तिच्या नाकावरून अलगद उचलला, काडी सरळ केली आणि परत बसवला. या सगळ्या भानगडीत त्यांच्या कानात एकच शब्द शिरला.

"डोळ्यांचं ना? ते आमच्यावर सोडा, सिस्टर," नाना म्हणाले.

घरी बाळाला बघायला लोक आले. समोरच्या शिवणकामवाल्या बाई रोज यायच्या. "सुटलीस हो एकदाची," त्या ठकूला म्हणायच्या, आणि मग गाडी आपल्या वळणावर जायची. "आमच्या वेळी काय कौतुक होतं? सकाळी बाळंत, दुपारी मशीनवर. धाकट्याच्या वेळी तर मी बाही अर्धी ठेवून गेले आणि येऊन पुरी केली."

"आमच्या वेळी" सुरू झालं की नाना खुलायचे. त्यांच्याजवळ ठकूच्या जन्माची गोष्ट होती आणि ती सांगताना ते दर वेळी थोडे तरुण होत. कोपऱ्यावरचं ते छोटं प्रसूतिगृह, त्याचं हिरवं दार, बाहेरचा बाक. आत माई, म्हणजे नानांची बायको, बाहेर नाना. वेळ जाईना म्हणून नानांनी बाकावर बसलेल्या सगळ्यांचे चष्मे पुसून दिले, दोघांचे स्क्रू आवळले, आणि डॉक्टरीणबाई बाहेर येऊन "मुलगी" म्हणाल्या तेव्हा त्यांच्या हातात एका अनोळखी आजोबांचा चष्मा होता. तो तसाच त्यांनी डोळ्यांवर चढवला आणि लेकीचं पहिलं दर्शन दुसऱ्याच्या नंबरमधून घेतलं. "इतकी मोठी दिसली," नाना हात पसरून दाखवायचे, "की मी म्हटलं, ही थेट शाळेतच जाणार."

सगळे हसायचे. माई हसायची नाही. ती बाळाची लंगोटी बदलायची किंवा उठून दूध तापवायला जायची. नानांना वाटायचं, गोष्ट जुनी झाली म्हणून.

घरी येऊन आठवडाही झाला नसेल, ठकूचं डोकं दुखू लागलं. झोप नाही म्हणून, असं सगळ्यांनी ठरवलं. मग तिचा चेहरा भरल्यासारखा दिसायला लागला. "मानवलं गं तुला बाळंतपण," शिवणकामवाल्या बाई म्हणाल्या. बोटातली अंगठी फिरेना. "माहेरचं अंगी लागतंय," नाना म्हणाले. एकट्या माईने तिचा हात हातात घेऊन बोट दाबून पाहिलं, खळगा पडला तो भरेपर्यंत बघत राहिली, आणि म्हणाली, "दाखवून यायचं का?"

"अगं, काल-परवा तर आली तिथून," नाना म्हणाले. "लोक काय म्हणतील, करमत नाही का तिथल्याशिवाय?"

दुसऱ्या दिवशी दुपारी पुतण्या जेवायला गेला होता. दुकानाचं दार लोटलेलं होतं. नाना स्टुलावर बसून एका फ्रेमशी खेळत होते. तेवढ्यात भिंतीला धरून, एकेक पायरी चाचपत, ठकू खाली आली.

"नाना, मला नीट दिसत नाहीये," ती म्हणाली. "कडेला काहीतरी चमकतंय. आणि मधलं सगळं पुसल्यासारखं."

इथे नानांच्या बाजूने दोन शब्द सांगायला हवेत. दुसरा कुणी बाप असता तर घाबरला असता. नानांना आनंद झाला. त्याचं असं होतं, की या घराण्यात तीन पिढ्या चष्म्याचा धंदा, आणि ठकूचे डोळे लहानपणापासून लखलखीत. सात वर्षांची असताना तिने यावरून रडून घर डोक्यावर घेतलं होतं. "सगळ्या जगाला तुम्ही चष्मा देता, मलाच देत नाही!" नानांनी तिला त्या उंच खुर्चीत बसवलं आणि म्हटलं, वाच. तिने पाटीवरचं प्रत्येक अक्षर चुकीचं वाचलं. इतकं मन लावून, की एकही चुकूनसुद्धा बरोबर आलं नाही. त्यावरूनच नानांनी ओळखलं, पोरीला शेवटच्या ओळीपर्यंत सगळं दिसतंय. मग त्यांनी तिला एक लाल फ्रेम बिनभिंगांची दिली. ती घालून ठकू वर्षभर दुकानभर हिंडली. शाळा सुटली की त्या आतल्या खोलीत दप्तर टाकून बसायची, आणि गिऱ्हाइकं वाचायची ते ऐकून ऐकून तिला ती पाटी पाठ झाली. पुढे तिने तिला चालही लावली. "क... ट, म... ल, फ, ग..." असं गात ती जिना चढायची. मोठी झाली, नोकरीला लागली, लग्न करून गेली, आणि जिना मुका झाला.

आणि आज तीच ठकू म्हणत होती, नाना, दिसत नाहीये.

"बस, बस!" नाना म्हणाले. "चल आत. शेवटी रक्त आहे माझं. उशिरा का होईना, वळणावर गेलंच."

त्यांनी तिला उंच खुर्चीत बसवलं. खोलीतला दिवा घालवला. नंबर काढायची ती जड गोल चौकट तिच्या नाकावर ठेवली आणि भिंगांची पेटी उघडली. पेटी जुनीच होती. ती मात्र नानांनी पुतण्याला बदलू दिली नव्हती. मखमलीतून पहिलं भिंग उचलताना त्यांचे हात आपोआप पूर्वीसारखे चालू लागले. समोर भिंतीवर पुतण्याच्या चपट्या पेटीचा दिवा लागला होता. नाना सवयीप्रमाणे तिकडे पाठ करून, ठकूकडे तोंड करून उभे राहिले.

"आता?"

"तसंच."

"आता?"

"तसंच हो, नाना."

"हे घे. आता? सांग, पहिलं चांगलं की दुसरं?"

"दोन्ही सारखीच. नाना, डोकं ठणकतंय माझं."

"नंबर असला की ठणकणारच. आता बघ." नानांनी आणखी एक भिंग बदललं. "तू पाय हलवत बसायचीस या खुर्चीत, आठवतं? पट्टीवर टाचा आपटायच्या. ती दळणवाली बाई म्हणायची, नाना, तुमच्या खुर्चीला घड्याळ बसवलंय का?"

ठकू हसली. ओठांच्या एका कोपऱ्याने, पण हसली. नानांचं वय वीस वर्षांनी कमी झालं. त्यांनी आणखी एक भिंग बसवलं, आणखी एक काढलं. एवढी सावकाश तपासणी त्यांनी उभ्या जन्मात कुणाची केली नव्हती. खरं म्हणजे ती संपू नये असं त्यांना वाटत होतं.

"आता वाच बघू," ते म्हणाले. "वरून."

ठकू हळूच, अगदी जुन्या चालीत, सुरू झाली.

"क."

"शाब्बास."

"ट, म."

"पुढे!"

"ल, फ, ग... प, र, ध, न..."

नानांनी डोळे मिटले होते. त्यांचेही ओठ हलत होते. शेवटच्या बारीक ओळीपर्यंत बापलेकींनी ती पाटी मिळून म्हटली. एक अक्षर इकडचं तिकडे झालं नाही.

"काही झालेलं नाही तुला!" नाना म्हणाले. आवाजात थोडी निराशा होती, बराचसा अभिमान होता. "स्वच्छ दिसतंय. नजर अजून लखलखीत आहे. जागरणाने होतं असं."

"अहो," दारातून माईचा आवाज आला. दुधाचा पेला हातात घेऊन ती कधीची उभी होती कोण जाणे. "ती काय वाचतेय?"

"पाटी."

"कुठली पाटी?"

"कुठली म्हणजे? ही..." म्हणत नाना वळले, आणि पुतण्याने ती पेटी लावल्यापासून पहिल्यांदा त्यांनी त्या भिंतीकडे पाहिलं.

पेटीवर अक्षरं नव्हती. एकही नव्हतं. तिथे होते नुसते काटे, जेवायच्या काट्यासारखे तीन दात्यांचे. कुणाचे दाते वर, कुणाचे खाली, कुणाचे डावीकडे. दाते कुठल्या बाजूला ते बोटाने दाखवायचं, की झालं. मोठ्यात मोठा काटा तर तळहाताएवढा होता.

"ठकू," नानांचा आवाज एकदम बारीक झाला. "बाळा, समोर काय आहे?"

"उजेड," ठकू म्हणाली. "उजेड आहे काहीतरी."

माईने पेला खाली ठेवला. एरवी थेंबभर दूध सांडलं तरी हळहळणारी ती बाई. त्या दिवशी पेला कलंडला तो तिला दिसलाही नाही. "गाडी बोलवा," ती म्हणाली. "मी बाळाला घेते. चप्पल राहू दे तिची."

"अगं पण, आधी जावयाला विचारून..."

"गाडी बोलवा म्हटलं ना!"

लग्नानंतर नाना एवढे झटपट कधी हलले नव्हते.

हॉस्पिटलमध्ये एका तरुण डॉक्टरीणबाईंनी ठकूच्या दंडाला पट्टा बांधला, यंत्राकडे पाहिलं, परत बांधला, परत पाहिलं, आणि मग त्या चालत नव्हत्या, पळत होत्या. रक्तदाबाचा वरचा आकडा एकशे ऐंशीच्या पुढे गेला होता. ठकूला आत नेलं. जाता जाता बाईंनी विचारलं, "डोळ्यांचा त्रास केव्हापासून? लगेच का नाही आणलंत?"

"नंबर काढत होतो," नाना म्हणाले.

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. ही थट्टा आहे की काय, हे ठरवायला त्यांना वेळ नव्हता. दार बंद झालं.

मग बाक. बाकावर नाना, शेजारी माई, तिच्या मांडीवर झोपलेली चिमुरडी. समोर उभा जावई, कामावरून तसाच आलेला, हाताला काळं तेल. पुष्कळ माणसं बसली होती, त्यांतल्या तिघांना चष्मे होते आणि तिन्ही पुसायला झाले होते. नानांनी हात मांडीखाली घातले.

"माझी ताई," माई एकदम म्हणाली.

माईची थोरली बहीण लग्नाआधीच गेली होती, म्हणजे नानांच्या लग्नाआधी. "बाळंतपणात गेली" एवढं वाक्य त्यांच्या कानावर होतं. या वाक्यापुढे कुणी काही विचारत नसे; नानांनीही विचारलं नव्हतं.

"बाळंतपणात नाही गेली ती," माई म्हणाली. "बाळंतपण छान झालं. आठवडा गेला. सगळे म्हणाले, सुटली. डोकं दुखतंय म्हणायची. आई म्हणाली, नीज जरा. मी केस विंचरत होते तिचे. तर म्हणाली, आरशात मी दिसत नाहीये गं. मी हसले. मला वाटलं, गंमत करतेय." तिने बाळाच्या अंगावरचं दुपटं नीट केलं. "तुम्ही सगळे म्हणता ना, आमच्या वेळी असं आणि आमच्या वेळी तसं? ज्या राहिल्या त्या म्हणतात हो. ताईला कुठे म्हणता येतंय?"

गेली कित्येक वर्षं नाना हिरव्या दाराची गोष्ट सांगत होते, आणि दर वेळी ही बाई दूध तापवायला उठत होती. त्या दाराआड ती काय घेऊन गेली होती, हे त्यांनी तिला एकदाही विचारलं नव्हतं.

संध्याकाळी डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. झटके येऊ नयेत म्हणून शिरेतून औषध चालू होतं. दाब उतरायला लागला होता. "झटके आले नाहीत, मेंदूत रक्तस्राव नाही," त्या म्हणाल्या. "पुष्कळ जणी आमच्यापर्यंत पोचतच नाहीत. गरोदरपणात दाब ठीक असतो, बाळ नीट होतं, सगळे बाळाकडे वळतात, आणि तो नंतर चढतो. आईकडे बघायला कुणाला सवडच नसते."

"दिसेल ना तिला?" जावयाने विचारलं. त्या दिवसातलं त्याचं ते पहिलं वाक्य होतं.

"बहुतेक दिसेल. वाट बघू."

नानांना आयुष्यात पुष्कळ लोकांनी "दिसेल ना?" विचारलं होतं, आणि त्यांनी प्रत्येकाला छातीठोकपणे "दिसेल" म्हणून सांगितलं होतं. "बहुतेक" हा शब्द त्यांच्या दुकानात चालत नसे.

पुढचे दोन दिवस ठकू उशाशी कोण आहे ते आवाजावरून ओळखत होती. तिसऱ्या दिवशी सकाळी नाना एकटेच तिच्याजवळ होते. तिने डोळे उघडले, बराच वेळ त्यांच्याकडे पाहिलं, आणि म्हणाली, "नाना, तुम्ही शर्टाची बटणं वरखाली लावलीत."

नानांनी खाली पाहिलं. लावली होती खरी. पण ते इतक्यावर मानणारे नव्हते. दुकानातल्या त्या प्रकारापासून ठकूच्या वाचनावरचा त्यांचा विश्वास उडाला होता.

"बटणं मी रोजच वरखाली लावतो, हे तुला ठाऊक आहे," ते म्हणाले. "ते चालणार नाही. ठकू, खरं सांग. त्या दिवशी तू पाटी का म्हटलीस? दिसत नव्हतं तर सांगायचं ना, नाही दिसत म्हणून."

"सांगितलं होतं."

"अगं, पण नंतर..."

"तुम्ही इतके खूश होता, नाना," ठकू म्हणाली. "कित्ती दिवसांनी. म्हटलं, म्हणून टाकावी एकदा. म्हटली की सोडाल, वर जाऊन पडेन जरा."

नाना खिडकीशी गेले. खिडकीतून रस्ता दिसत होता, गाड्या दिसत होत्या, पलीकडच्या इमारतीच्या फाटकावर एक निळा फलक दिसत होता. फलक आहे एवढंच नानांना दिसत होतं. सत्तरी उलटलेल्या डोळ्यांना तेवढं पुरे. ते अचानक वळले.

"तो बोर्ड वाच," ते म्हणाले. "पलीकडचा. तो काही तुला पाठ नाही."

ठकू उशीला रेलून उठली. "फाटकासमोर वाहने उभी करू नयेत."

"हे तर कुठल्याही फाटकावर असतं. मीही न बघता सांगेन. खाली काय?"

"खाली बारीक आहे." तिने डोळे किलकिले केले. "आपली... आपली असली तरी."

"काय?"

"'आपली असली तरी.' असंच लिहिलंय."

असा फलक जगात कुणी लिहील यावर नानांचा विश्वास बसेना. ते तडक बाहेर पडले. जिना उतरले, रस्ता ओलांडला, दोन गाड्यांनी त्यांच्या नावाने भोंगे वाजवले, आणि फलकापासून हातभर अंतरावर जाऊन ते उभे राहिले. वर मोठ्या अक्षरांत: फाटकासमोर वाहने उभी करू नयेत. खाली, मागाहून कुणीतरी वैतागून रंगवलेलं: आपली असली तरी.

"काय पाहिजे, आजोबा?" फाटकाच्या वॉचमनने विचारलं.

"काही नाही. वाचतोय."

"मग वाचलंत ना? सरका. गाडी यायचीय."

नाना सरकले नाहीत. त्यांनी वर हॉस्पिटलच्या खिडक्यांकडे पाहिलं. तिसऱ्या मजल्यावर, सगळ्या खिडक्यांत मिळून एक पांढरट ठिपका हलत होता. नानांनी हात उंच करून तीन बोटं दाखवली. मग लक्षात आलं, की उत्तर आलं तरी ते आपल्याला दिसणार नाही.

"अहो," ते वॉचमनला म्हणाले, "तुमची नजर चांगली आहे का?"

"का?"

"ती बघा, तिसऱ्या मजल्यावर. खिडकीतली मुलगी. किती बोटं दाखवतेय?"

वॉचमनने एकदा नानांकडे आणि एकदा खिडकीकडे पाहिलं. मागे गाडी येऊन थांबली होती.

"तीन," तो म्हणाला. "आता चार. आता दोन्ही हात हलवतेय. अहो, रस्त्यातून बाजूला व्हा म्हणतेय तुम्हाला!"

"म्हणू दे," नाना म्हणाले, आणि पाच बोटं दाखवली.